डब्याच्या तळाचं शेवटचं अक्षर

१९ ऑगस्ट, मंगळवार

डब्याची मागची बिजागरी तुटली. पॉलिशचा माझा पसारा त्यातच असतो, कापसाचे बोळे, ब्रश, लाखेची पुडी. झाकण उघडायला गेलो तर निखळून हातात आलं. इतकी बारीक पितळी बिजागरी आता कोण ठेवतो? गिरगावला मनसुखभाईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. गॅस बंद केला की नाही, हे भायखळ्यापर्यंत आठवत होतो. केला असावा.

मनसुखभाई बिजागरी शोधायची सोडून डबा उलटा करून बसला. डोळ्याला भिंग.

"मिस्त्री, हा कुठून मिळाला?"

"थोरल्या भावाचा. बोटीवर होता तो."

"तरीच. सिगारचा डबा आहे हा. कुबाचा."

मला वाटायचं मिठाईबिठाईचा असेल. इतकी वर्षं हाताळला, पण विचारावंसं कधी वाटलं नाही. तळाला अक्षरं भाजून काढलेली आहेत, ती त्याने वाचली. एचो एन कुबा. कुबात बनवलेला असा अर्थ म्हणे. याहून जुना असता तर इंग्रजीत असतं, मेड इन हवाना. म्हणजे साठ सालानंतरचा.

पुढे म्हणाला, "शाईचा पण एक शिक्का असतो. त्यात महिना नि साल. पण आकड्यात नाय, चोरभाषेत."

विकणार का, विचारलं. परदेशी गिऱ्हाइकं घेतात म्हणे. मी एकदम मोठ्याने नाही म्हटलं. दुकानातली बाई वळून बघायला लागली. ओरडायची गरज नव्हती.

डबा त्याच्याकडे ठेवून आलो. आता वाटतं, ठेवायला नको होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

डबा मिळाला. बिजागरी चांगली बसवलीय, स्क्रू जरा मोठे आहेत.

मनसुखभाईने चोरभाषा समजावून सांगितली. मला दोनदा विचारावं लागलं. सातवीत शाळा सुटली, इंग्रजी अक्षरं ओळखतो एवढंच. तर, दहा अक्षरांचा एक शब्द आहे: एन, आय, व्ही, ई, एल, ए, सी, यू, एस, ओ. एन म्हणजे एक, आय म्हणजे दोन, असं करत एस म्हणजे नऊ आणि ओ म्हणजे शून्य. शिक्क्यात आधी कारखान्याची अक्षरं, मग दोन महिन्याची, मग दोन सालाची. पंचाऐंशीनंतर हा शब्द बदलला म्हणे. हे लोकांना कळू नये म्हणूनच करायचे. डबा कधीचा हे गिऱ्हाइकाला का कळू नये, हे मला कळलं नाही.

बाजूला हिरवी सरकारी पट्टी पण असते, तिच्यावरूनही अंदाज येतो. ती आमच्या डब्याला नाही. कुणी कधी खरवडली माहीत नाही.

शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. मागे लिहिला असता तर बरं झालं असतं. शेजारचे येतात, विचारतात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी उजेड चांगला होता. डबा खिडकीत धरून बसलो.

कारखान्याची अक्षरं गेलीत. मग ओ. मग एल. शून्य-पाच, म्हणजे मे महिना. मग सी. सात. म्हणजे सत्तरच्या पुढचं काहीतरी. शेवटच्या अक्षराचा वरचा भाग नाहीच. खाली फक्त गोलाई उरलीय, नखाएवढी.

डबा ठेवून दिला आणि चहा केला. साखर घालायची विसरलो.

दादाची बातमी आली ती ७९ च्या जानेवारीत. कंपनीची तार. सदाशिव बोटीवरून समुद्रात पडला, शोध घेतला, सापडला नाही. माघात गावच्या भटजींनी विधी सांगितला, देह मिळाला नाही की करतात तो, पळसाच्या काड्यांचा पुतळा करून. मुलगा नव्हता, म्हणून धाकटा भाऊ म्हणून मीच अग्नी दिला. वहिनींनी कुंकू पुसलं. त्याची मुलगी मंगल दोन वर्षांची होती, तिला शेजारणीकडे ठेवलं होतं.

त्याच दिवाळीत बाबी आला. दादाचा बोटीवरचा दोस्त, आमच्याच गावचा. "सदूचं सामान आणलंय" म्हणाला. दाढीचा वस्तरा, फणी, एक बनियन आणि हा डबा. कुणी दिलं, कुठल्या बंदरात दिलं, कुणीच विचारलं नाही. घरात रडारड चालू होती.

मे ७८ असेल तर काही नाही. दादाने आधीच कुठेतरी घेतलेला.

मे ७९ असेल तर

२३ ऑगस्ट, शनिवार

ते अक्षर अर्धं का, हे आज आंघोळ करताना कळलं. अंगावरचं पाणी पुसायचंही सुचेना.

मीच घासलं आहे ते. दर वर्षी खंडेनवमीला हत्यारं पुसायची, झेंडू वाहायचे. डबा हत्यारांचा, म्हणून तोही पाटावर. मळका डबा पूजेला कसा ठेवायचा? दर वर्षी झिरो नंबरचा घासायचा कागद मारायचो, चारी बाजूंनी, मग तळाला, मग पॉलिशचा एक हात. तळाला मारायची काय गरज होती? पाटावर ठेवल्यावर तळ कुणाला दिसतो? पण काम अर्धं सोडायची सवय नाही. कारखान्यात शेठ म्हणायचे, टेबलाच्या खालीसुद्धा हात फिरला पाहिजे. फिरवला.

भाजलेली अक्षरं खोल असतात, ती राहिली. शाई वरच्यावर असते. हे मला कुणी सांगायला नको होतं, आयुष्यभर लाकूडच घासलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

परत मनसुखभाईकडे. त्याने मोठं भिंग काढलं, टॉर्च आडवी धरली.

"मिस्त्री, खाली गोलाई आहे फक्त. यू असेल तर अठ्ठ्याहत्तर. एस असेल तर एकोणऐंशी. सी असेल तर सत्त्याहत्तर. ओ धरला तर सत्तर."

"एस वाटतो का?"

"तुमाला काय पायजे, ते सांगा. मी तसा वाचतो."

हसला. मला हसू आलं नाही. मग त्याला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्याने चहा मागवला. म्हणाला, "घरात बोललात काय? नाय ना? मग नका बोलू. अर्ध्या अक्षरावर कुणी घर हलवतं का?"

शहाणा माणूस. परत येताना ठरवलं, बोलायचं नाही.

लालबागला उतरलो तर आमच्या गल्लीत शिरायला जागा नाही, मंडपाच्या बांबूंनी सगळा रस्ता अडवलाय. कार्यकर्त्याने हात धरून पलीकडे नेलं. "आजोबा, दहा दिवस घरातच बसा." घरात बसलं की डबा दिसतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बोललो.

ऋषिपंचमी म्हणून मंगलकडे शीवला गेलो होतो, तिच्या गणपतीला. वहिनी तिच्याचकडे असतात आता. जेवणं झाली, मंगल भांडी घासत होती, जावई झोपले होते. वहिनी सुपारी कातरत होत्या. सहज म्हणाल्या, "डबो दुरुस्त झालो काय?" बिजागरीचं त्यांना फोनवर सांगितलं होतं, तेवढंच. एवढंच विचारलं त्यांनी. आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. अक्षरं, सात, मे महिना, अर्धं शेवटचं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भावोजी, तुमी काय सांगतास तां माका समाजला नाय. परत सांगा."

परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

अडकित्ता खाली ठेवला. मग एकच वाक्य.

"म्हंजे मी उगाच कुकू पुसलंय?"

मी म्हटलं, तसं नाही वहिनी, अक्षर अर्धं आहे. त्यांनी ऐकलं नाही. उठून आत गेल्या. मंगल पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं? आई का आत गेली?" मी म्हटलं, काही नाही. मोदक न घेताच निघालो. तिने मागून मोदकांचा डबा भरून जिन्यात आणून दिला.

३० ऑगस्ट, शनिवार

मंगलचा फोन. म्हणाली, "काका, हे कशाला काढलंत?"

म्हटलं, चुकून बोललो.

"आई दोन दिवस नीट जेवत नाहीये. कुंकवाचा करंडा काढून समोर ठेवते, परत आत ठेवते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मंगल म्हणाली, "माझं ऐका. मला बाप आठवतच नाही. पण मेलेला बाप मला चालतो, काका. शाळेत, लग्नात, सगळीकडे मी तेच सांगितलं. टाकून गेलेला बाप नको मला. ह्या वयात नको."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एवढाच विचार करत होतो की दादा वाचला असेल. वाचला असेल तर मग आला का नाही, पत्र का टाकलं नाही, हे पुढचं मी केलंच नाही. मंगलने एका वाक्यात केलं. वहिनींनी तर बहुतेक पहिल्या मिनिटातच केलं असेल.

गोळी घेतली. सकाळची होती की दुपारची, आठवत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

वहिनींनी डबा बघायला मागवला. रिकामा करून पिशवीत घालून नेला. मंगल कामावर गेली होती, बरंच झालं.

त्यांनी चष्मा लावला. अक्षरांवरून बोट फिरवलं. इंग्रजी येत नाही, तरी फिरवलं. मग म्हणाल्या, "ह्यां जां अर्धा आसा, तां काय ता?"

म्हटलं, तेच तर.

"तुमीच घासलंत?"

"हो."

"पूजेक?"

"हो."

त्यावर रागावतील वाटलं होतं. उलट हसल्या. गालातल्या गालात हसल्या, आवाज न करता. "तुमचो हात पहिल्यापासून असोच. आमच्या लग्नात पाट इतको चकचकीत केलास, त्यावर हे घसरान पडणार हुते."

हे म्हणजे दादा. त्यांच्या तोंडून दादाबद्दल असं काही मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. थोडा वेळ बरं वाटलं. मग त्यांनी डबा परत पिशवीत घातला आणि पिशवीकडे बघून म्हणाल्या, "जितो होतो तर एक पत्र टाकूक काय झाला त्याका?"

आता हे माझ्याकडे बघून विचारलेलं नव्हतं. तरी मी उत्तर शोधत बसलो. बसमध्ये, घरी, आत्ता लिहितानाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागला. विसर्जनाची गर्दी ओसरली, रस्त्यावर गुलाल अजून आहे.

दादाचं पान दरवर्षी दशमीला माझ्याकडे. विधीची तिथी तीच धरली होती, माघ वद्य दशमी. वहिनी आदल्या दिवशी येतात, वड्यांचं पीठ घेऊन. काळ्या वाटाण्यांची आमटी, भोपळा, खीर. ह्या वेळी येणार का, विचारायला फोन केला.

"यंदा दशमीक पान वाढू नकात, भावोजी."

"का हो?"

"जित्या माणसाचा पान वाढूचा नसता."

मी म्हटलं, वहिनी, तेव्हा जिवंत असेल कदाचित, आता कुठे... त्यांनी फोन मंगलकडे दिला. मंगल म्हणाली, "तिला नाही वाढायचं तर राहू दे ना काका." आवाज थकलेला.

एवढी वर्षं वाढलं, आणि एक वर्ष नाही वाढायचं? जर तो गेला असेल तर उपाशी. आणि जिवंत असताना वाढत आलो असलो तर? त्याचं काय पाप लागतं, मला माहीत नाही. भटजींना विचारावं तर ते सगळी हकीकत विचारणार.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दशमी.

पान नाही वाढलं. भात आणि पिठलं केलं. शेजारच्या सुलभाने विचारलं, "आजोबा, आज तुमच्याकडे वड्यांचा वास नाही?" तिला म्हटलं, गुडघा दुखतोय. खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

दुपारी जेवायला बसलो तर वाटलं, दारात कुणीतरी उभं आहे. उठून बघितलं. पोस्टमन होता, वरच्या मजल्यावर चाललेला. ताट तसंच झाकून ठेवलं.

एक गोष्ट आधीच करायला हवी होती. बाबी अजून आहे. वडाळ्याला मुलाकडे असतो. उद्या जातो.

१७ सप्टेंबर, बुधवार

बाबी पार सुकलाय. खिडकीजवळ खुर्चीत, मांडीवर टॉवेल. मुलगा, गजानन, नोकरीतून निवृत्त झालेला, चांगला माणूस आहे. "काका, बाबांना आठवतं कधी, कधी नाही. वाईट वाटून घेऊ नका."

बाबीने मला बघितलं आणि एकदम उजळला.

"अरे सदू! इलंस कधी?"

गजानन म्हणाला, "बाबा, सदू नव्हे. सदूचे भाऊ."

"होय होय. बस, सदू."

मी डबा समोर धरला. वाटलं ओळखणार नाही. पण लगेच हात घातला.

"हो माझो डबो! खय गावलो तुका?"

"तुझा? बाबी, हा सदूचा ना?"

"माझो रे. ह्यातले चिरूट मी ओढलंय, एकेक करून. सदू खय ओढी? तो पान खाय. त्याचा सुटा सामान कसा हाडूचा म्हणान ह्यात भरलंय."

म्हणजे डबा बाबीचा. मग अक्षर एस असू दे, यू असू दे, दादाशी त्याचा संबंध नाही. एकदम हलकं वाटलं. आणि लगेच शरमही. एवढ्यासाठी मी वहिनींना वीस दिवस...

निघता निघता विचारलं. का विचारलं? ७९ च्या दिवाळीत विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं.

"बाबी, ते सामान तुला दिलं कुणी?"

माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, जणू मी थट्टा करतोय.

"तूच दिलंस मां? गेटार. म्हणालंस, घराक दी."

गजाननने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, फार मनावर घेऊ नका. काल म्हणत होते, हा टीव्ही त्यांनीच बनवला."

आम्ही हसलो. बाबीपण हसला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बाबी मला दादा समजून बोलला. म्हणजे त्याला वाटलं समोर दादा आहे, म्हणून "तूच दिलंस." कुणी दुसऱ्याने दिलं असतं तरी तो गोंधळात तेच म्हणाला असता. किंवा दादानेच दिलं, म्हणून दादा समोर दिसल्यावर तेच आठवलं. दोन्ही बाजूंनी जमतं. सबंध दिवस ह्याच दोन टोकांत येरझारा.

गेट कुठलं? कुठल्या बंदराचं? विचारलं नाही. पुन्हा नाही विचारलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शीवला गेलो. मंगल घरी होती. दोघींना समोर बसवून सांगितलं: डबा बाबीचा. दादाचा नव्हेच. त्याने फक्त सामान त्यात भरलं. अक्षराचं जे मी बोललो ते सगळं विसरा.

मंगलने डोळे मिटले. "देवा." उठली, चहा टाकला. आलं किसताना गुणगुणत होती, हे मी ऐकलं.

वहिनी म्हणाल्या, "बाबीक काय आठवता! गजाननच्या मुलाच्या लग्नात त्याने माका वळखल्यान नाय."

"डबा मात्र ओळखला, वहिनी. लगेच."

"आणखी काय बोललो?"

मंगल स्वयंपाकघरात. चहाच्या भांड्याचा आवाज. मी म्हटलं, "आणखी काही नाही."

त्या माझ्याकडे बघत होत्या. चष्म्यातून, सरळ. मी सुपारी उचलून तोंडात टाकली. मी सुपारी खात नाही.

गेटचं सांगायला हवं होतं का? मंगल गुणगुणत होती ना. ते थांबवायचं होतं का मी? नाही सांगितलं हे बरोबर केलं. बहुतेक.

२० सप्टेंबर, शनिवार

वहिनींचा फोन, स्वतःहून. सकाळी, मी पाणी भरत होतो. बादली भरून वाहिली, नळ बंद करायलाही सुचलं नाही.

"भावोजी, उद्या अमावाश्या. उद्या वाढा."

"दादाचं?"

"होय. ज्येंची तिथ म्हायत नाय, त्यांच्यात बसवा त्याका. मी येतंय पीठ घेवन. मंगलपण येता."

म्हणजे त्यांनी माझं डब्याचं म्हणणं पुरतं मानलेलं नाही. मानलं असतं तर दशमीच धरली असती, पुढच्या वर्षीपासून. आणि पुरतं नाकारलंही नाही. नाहीतर पानच वाढलं नसतं. मधली जागा त्यांनीच शोधून काढली, मी नाही. ती रीत आपल्याकडे आहे हे मला माहीत होतं, दरवर्षी अमावास्येला वाडीत लोक वाढतात. दादाचं नाव तिथे ठेवावं असं कधी मनातच आलं नाही. आमच्याकडे तिथी होती ना. विधीची.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

दोघी आठलाच आल्या. वहिनींनी वडे तळले, मंगलने खीर. माझ्या खोलीत एवढी माणसं ह्या वर्षी पहिल्यांदाच. सुलभाला वड्यांचा वास गेला, ती चार घेऊन गेली.

पानं मांडली. आई, बाबा, माझी मिसेस, ह्यांची नेहमीची. मग कोपऱ्यात एक वेगळं. ते वहिनींनी स्वतः वाढलं. भात मोडून त्यावर तूप. आमटी जरा जास्त. मंगल दाराला टेकून उभी होती, बापाच्या पानाकडे बघत. मग पुढे आली आणि पापड ठेवला.

हात जोडताना मी हळूच विचारलं, "वहिनी, तो गेला असं धरायचं ना?"

त्या पानाकडेच बघत होत्या.

"पंच्याऐंशीचो झालो असतो. कधीतरी गेलोच असतलो." मग तुपाची वाटी उचलत, "कधी, तां त्याका म्हायत."

गच्चीवर पान ठेवून आलो. मागे वळून बघायचं नसतं, बघितलं नाही.

जेवताना वहिनींनी दोनदा आमटी मागून घेतली. जाताना उंबऱ्यात थांबल्या, चप्पल घालता घालता म्हणाल्या, "भावोजी, तुमका खोटा बोलूक कधी जमला नाय." मंगल खाली रिक्षा बघायला गेली होती. मी काही म्हणायच्या आत त्या कठडा धरून उतरायला लागल्या. सावकाश, एकेक पायरी. मी वरून बघत राहिलो. हाक मारता आली असती.

२२ सप्टेंबर, सोमवार

गजाननला फोन केला. बाबींना परत भेटायचंय म्हटलं.

"या ना काका. पण सकाळी या, सकाळी जरा ठीक असतात. दुपारनंतर सगळं एकात एक."

शुक्रवारी येतो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, उद्याच जायला हवं. त्याचं वय काय, माझं काय. मग वाटलं, नकोच. त्याने बंदराचं नाव सांगितलं तर काय करणार मी? कुणाकडे जाणार? आणि नाही सांगितलं तर?

वहिनींना कळलंय की काहीतरी राहिलंय. त्या विचारणार नाहीत. मी सांगेपर्यंत थांबतील. त्यांना थांबायची सवय आहे.

आणि अजून एक कळत नाही. सकाळी बाबी ठीक असेल, तर मला ओळखेल. मग त्याला गेट आठवणार नाही बहुतेक, भाऊ म्हणून माझ्याशी नेहमीचं बोलेल, सदू बिचारा, चांगला होता. दुपारी गेलो तर पुन्हा म्हणेल, सदू, इलंस. मग मी काय म्हणू? गजानन नसताना, खुर्ची जवळ घेऊन, मीच जर म्हटलं, होय, इलंय, बाबी, आठव, मी तुला काय काय सांगितलं होतं गेटवर

शुक्रवारी सकाळी जायचं की दुपारी, अजून ठरलं नाही.